एका रविवारचं खोटं

सहलीवर लिहितोय म्हणून हसू नका. आपल्या अंकात मोर्च्यावर लिहिलं जातं, जळालेल्या वस्तीवर लिहिलं जातं. सहल हा पांढरपेशांचा विषय, असं आपण धरून चाललोय. पण आयुष्यात ज्या एका प्रश्नानं मला सगळ्यात जास्त छळलं, तो मला शिबिरात भेटला नाही की कोठडीत भेटला नाही. तो भेटला सहलीत, भाताच्या ताटापुढं. त्याला चाळीस वर्षं उलटली. अजून उत्तर पुरतं सापडलेलं नाही. जेवढं सापडलं तेवढं मांडतो.

१९८३ चा जानेवारी. गिरणी संपाला वर्ष होत आलेलं. आमच्या चाळीत निम्म्या घरांच्या चुली एक वेळ पेटत होत्या. आणि आम्ही अभ्यास मंडळाच्या पोरापोरींनी ठरवलं की रविवारी अलिबागला जायचं, समुद्र बघायचा, संध्याकाळी परत. वर्गणी काढली. एक मित्र भडकला. म्हणाला, "लोक उपाशी आणि तुम्हाला वाळूत लोळायचंय? कार्यकर्त्याला सहल शोभते काय?"

हा प्रश्न पहिल्यांदा निकालात काढू. कारण तो अजूनही विचारला जातो.

मित्रांनो, हा रविवार आपल्याला कुणी दिला? इंग्रज साहेबाच्या दयेनं आला नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकानं गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, वर्षानुवर्षं भांडला, तेव्हा १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. कामाचे तास कुणी उतरवले? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या काळात कारखान्यातल्या मजुराला पगारी सुटीचा कायदा आला, आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारं बिल त्यांनी मांडलं. आणि १९४५ साली काँग्रेस आणि गांधींचा हिशोब मांडणारं जे पुस्तक त्यांनी लिहिलं, त्यात फुरसतीवर मोठा युक्तिवाद आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जनावर राबतं आणि पोट भरतं. माणसाला त्यापलीकडं मन आहे. मन वाढायला फुरसत लागते, आणि फुरसत यंत्रानं मिळते. म्हणून ज्याला लोकशाही हवी त्यानं प्रत्येक माणसाला फुरसतीचं आयुष्य मिळावं यासाठी भांडलं पाहिजे. चरख्याकडं चला असं गरिबाला सांगणं म्हणजे त्याला बैलाच्या जिण्याकडं हाकणं.

आता आपले आजे-पणजे आठवा. वेसकर म्हणून रात्रीचा पहारा. सांगावा घेऊन दहा कोस पायपीट. मेलेलं ढोर ओढायचं. कामाला वेळ नाही, दिवस नाही, हाळी आली की उठायचं. ज्याच्या वतनात फुरसत हा शब्दच नव्हता, त्याच्या नातवानं एक दिवस काही न करता समुद्राकडं बघत बसणं, ही चैन नाही. ही वसुली आहे. तेव्हा सहल शोभते. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

तर आम्ही अकरा जण निघालो. त्यात शेजारच्या खोलीतली एक मावशी. महापालिकेच्या सफाई खात्यात पंचवीस वर्षं झाडू मारलेली. ती म्हणाली, "समुद्राला आपण सहा डिसेंबरलाच जातो रे. नुसतं बघायला कधी गेलेच नाही." दोस्तहो, हे वाक्य घ्या. दादर चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ ला बापाला अग्नी दिला. तेव्हापासून आपली माणसं लाखांनी समुद्राकाठी येतात ती डोळे पुसायला. मुंबईत जन्म गेला, समुद्र हाकेवर, पण ओळख दुःखाची. मावशी पहिल्यांदाच त्याच्याकडं हसत जाणार होती. नवं लुगडं नेसली होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं लॉकेट, नेहमीसारखं पदरावर दिसेल असं.

कुर्ल्याहून हार्बरची लोकल. वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड. तिथं उतरून चालत भाऊचा धक्का. मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या, कोळणींची भांडणं. धक्क्यावरून रेवसची लाँच. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी हे बंदर, समोर करंजा. लाँचवर एका म्हाताऱ्यानं रामदास बोटीची गोष्ट काढली. रेवसच्या वाटेवर ती हटकून निघतेच. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या, याच धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. म्हातारा म्हणाला, "समुद्रानं जात बघितली नाही बघा. सगळे सारखे." आजूबाजूचे हळहळले. मला ती समता तेव्हाच खटकली. बुडताना सारखे आणि जेवताना वेगळे, ही कसली समता? सरणाची समता आपल्याला फुकट मिळते. आपलं भांडण ताटाचं आहे.

हे मनात म्हणणारा मी, आता पुढं काय केलं ते ऐका.

रेवसला उतरून एस.टी.नं अलिबाग. दुपार झालेली. एका घरगुती खानावळीत शिरलो. ओसरीवर पाट मांडलेले. म्हातारी मालकीण, आवाज प्रेमळ. पाण्याचे तांबे ठेवता ठेवता म्हणाली, "कुठली रे पोरांनो तुम्ही? मुंबईची? आडनाव काय?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. आपल्या देशात 'ऊन फार आहे नाही' म्हणावं तसं आडनाव विचारतात. आमच्यात जाधव होते, गायकवाड होते. ती आडनावं चालून गेली असती, दोन्हीकडं असतात. पण तिनं विचारलं माझ्याकडं बघून. आणि मी कांबळे.

मी म्हणालो, "पाटील."

एक क्षणही लागला नाही. शब्द जिभेवर तयारच होता. तो तिथं कुणी ठेवला, कधी ठेवला, मला माहीत नाही. १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या नामांतराच्या मोर्च्यात मी लाठी खाल्लेली. अख्ख्या विद्यापीठाला नाव मागणारा मी, एका ताटासाठी स्वतःचं नाव खिशात घातलं.

जेवण फक्कड होतं. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, सोलकढी. म्हातारी आग्रह करून वाढत होती, "घ्या पाटील, लाजू नका." पोरं खाली मान घालून हसत होती. मीही हसलो. मग माझी नजर मावशीकडं गेली. तिनं पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला होता. लॉकेट आत गेलं होतं.

नंतर ओहोटी होती म्हणून पाण्यातून चालत कुलाबा किल्ल्यात गेलो. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. पोरांनी पाणी प्यालं, तोंडं धुतली, बुरुजावर चढून ओरडली. मावशी मात्र सगळा वेळ एका हातानं पदर धरून होती. वारा जोराचा. वाळूत बसली तरी हात गळ्याशी. पोरी म्हणाल्या, "मावशी, चल पाण्यात," तर म्हणाली, "नको, पदर उडतो." खानावळ कधीच मागं पडली होती. आता तिथं विचारणारं कुणी नव्हतं. पण मी मारलेली थाप ती दिवसभर वाहत होती. माझ्या एका शब्दापायी त्या बाईला, जिनं आयुष्यात पहिल्यांदा नुसता समुद्र बघायचा म्हणून लुगडं काढलं, तिला पहारा द्यावा लागला. आजानं गावाच्या वेशीवर दिला. हिनं स्वतःच्या गळ्यावर.

सहल म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. सहल म्हणजे पहारा नसणं. ज्या दिवशी आपण कुणापासून काही राखत नाही, तो सुटीचा दिवस. ती सुटी मी अकरा जणांची घालवली होती.

परतीच्या लाँचवर अंधार पडल्यावर मावशीनं लॉकेट बाहेर काढून नीट केलं. म्हणाली, "जेवण चांगलं होतं रे. पण पुढच्या बारीला भाकरी घरनं घेऊ."

रागावली असती तर बरं झालं असतं. 'भाकरी घरनं घेऊ' हे काय आहे, समजून घ्या. आपली आई-आजी गाडीत, जत्रेत, देवळाबाहेर फडक्यातली भाकरी वेगळी बसून खायची. तिथून सुटायला दोन पिढ्या गेल्या. मी एका 'पाटील'नं मावशीला परत तिथं नेऊन बसवलं.

लाँचवर आमचं भांडण जुंपलं. एक म्हणाला, "एवढं काय झालं? भूक लागली होती. दर जेवणाला सत्याग्रह करायचा काय? आज रविवार आहे." दुसरा म्हणाला, "तिच्या सवालालाच जागा नाही. ज्याला विचारायचा हक्क नाही, त्याला खरं सांगायचं कर्ज आपल्यावर कुठून आलं?" आणि एक पोरगी म्हणाली, "पण आपण तिला फसवलं नाही. आपण तिचं बरोबर आहे असं कबूल केलं."

तिन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणून तर प्रश्न अवघड आहे.

पुढं १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं बाबासाहेबांच्या आठवणींची छोटी इंग्रजी पुस्तिका छापली. ती वाचली आणि मी हादरलो. माझाच प्रश्न बापानं तीनदा भोगला होता.

पहिल्यांदा १९०१ साली. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे. भावंडांबरोबर साताऱ्याहून वडलांना भेटायला गोरेगावला निघाले. नवे कपडे, रेल्वेचा पहिला प्रवास, पोरं हरखलेली. त्यांच्यासाठी ती सहलच. गाडीत कुणी काही विचारलं नाही. मसूरला उतरल्यावर स्टेशनमास्तरनं विचारलं, तुम्ही कोण? छोट्या भीमरावानं जराही विचार न करता सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहरा एकदम बदलला. एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, या अटीवर बैलगाडी मिळाली. डब्यात अन्न होतं, पण पाणी मिळालं नाही. पोराला खोटं बोलायचं सुचलंच नाही, कारण आपल्या नावात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्यांदा १९१७ च्या सुमारास बडोद्याला. परदेशात शिकून आलेला विद्वान, महाराजांच्या नोकरीवर हजर व्हायचं, आणि राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत फक्त पारशी. त्यांनी पारशी नाव लावलं आणि आत गेले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात. बाहेर काढलं. दुसरीकडं आसरा मिळेना. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. लोक जिथं हवा खायला येतात, तिथं तो माणूस रडत बसला होता.

तिसरी वेळ १९३४ सालची, आणि ती अस्सल सहल. चळवळीतले तीसेक कार्यकर्ते घेऊन बाबासाहेब वेरूळची लेणी बघायला निघाले. निजामाच्या हद्दीतून जायचं होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की वाटेत ओळख द्यायची नाही, जिथं थांबणार तिथंच द्यायची. दौलताबादला थांबले. किल्ल्याच्या दाराशी हौद होता. प्रवासाची धूळ होती म्हणून तोंडं धुतली, तर गलका झाला की हौद बाटवला. मोठी बाचाबाची झाली. अखेर किल्ला बघायला सोडलं ते अटीवर: पाण्याला कुठं हात लावायचा नाही, आणि लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई. बघा, तिथंही पहारा!

म्हणजे बाबासाहेबांनीही नाव झाकलं होतं. मग मी सुटलो काय? मला वाटलं होतं सुटलो. पण नीट वाचा. बडोद्यात डोक्यावर छप्पर नव्हतं. ज्याला छप्पर नाही, पोराला शाळा नाही, नोकरी जाते आहे, त्यानं आडनाव झाकलं तर पाप त्याचं नाही. आजही खोली भाड्यानं मागताना आपली पोरं आडनाव गिळतात. त्यांना भित्रं म्हणणाऱ्यानं आधी त्यांना खोली मिळवून द्यावी. तिथं खोटं बोलणाऱ्याचा दोष नाही, बोलायला लावणाऱ्याचा आहे. आणि १९३४ च्या सहलीत तर ते खोटं बोललेच नाहीत. गप्प राहिले. सगळ्यांनी मिळून ठरवून गप्प राहिले, आणि मुक्काम आला तिथं नाव सांगितलं. माझं तसं नव्हतं. मला छप्पर होतं, खिशात पैसे होते, रस्त्यावर केळी आणि भेळ मिळत होती, मागं दहा माणसं होती. मी कुणाला विचारलं नाही. दहा जणांच्या वतीनं मी एकट्यानं लाजून घेतलं.

रस्त्यातलं मौन आणि मुक्कामावरचं खोटं, यात फरक आहे. मौन म्हणतं, तुला विचारायचा हक्क नाही. खोटं म्हणतं, हक्क आहे, आणि माझ्याजवळ तुला पसंत पडेल असं उत्तर आहे.

जग आपल्यापेक्षा वेगळं नाही. १९१९ च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागोच्या किनाऱ्यावर युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा पोरगा पाण्यात खेळताना न दिसणाऱ्या रेषेपलीकडं वाहत गेला. पलीकडं गोऱ्यांचं पाणी. दगड आले आणि पोरगा बुडाला. पाठोपाठच्या दंगलीत ३८ माणसं मेली. पाण्यावर रेघ ओढता येते, हे चवदार तळ्यानं आपल्याला शिकवलंच होतं, त्यांना समुद्रासारख्या सरोवरानं शिकवलं. मिसिसिपीतल्या बिलॉक्सी गावात गिल्बर्ट मेसन या काळ्या डॉक्टरनं १९५९ पासून लोकांना घेऊन समुद्रात उतरण्याचा सत्याग्रह केला. २४ एप्रिल १९६० च्या रविवारी गोऱ्या जमावानं साखळ्या-दांडक्यांनी झोडपलं. नुसतं पोहायला मिळावं म्हणून! फुरसतीसाठी मार खाणारे आपण एकटेच नाही. आणि त्याच अमेरिकेत उजळ कातडीचे काळे स्वतःला गोरं म्हणवून जगले. नोकरी मिळाली, घर मिळालं, पण आईला रस्त्यात ओळख द्यायची चोरी. मावशीचा पदर तिकडंही होताच.

आता कायद्याचं बघा. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांच्याबरोबर करमणुकीच्या जागांचंही नाव आहे. बापानं आपली मौजसुद्धा कायद्यात लिहून ठेवली. १७ व्यानं अस्पृश्यता गेली. १९५५ चा कायदा आला, १९८९ चा ॲट्रॉसिटीचा आला. पण कायदा सुरू होतो कुठं? 'उठा इथून' म्हटल्यावर. नुसतं 'आडनाव काय' विचारल्यावर नाही. सवाल आणि नकार यांच्यामध्ये एक छोटी जागा आहे. तिथं पोलीस नाही, वकील नाही, संविधान नाही. तिथं फक्त तुम्ही असता. त्या जागेत मी, कुणी नाकारण्याआधीच, स्वतःला नाकारलं.

आणि आणखी एक. ते फार उशिरा कळलं. त्या म्हातारीनं आम्हाला उठवलं असतं, हे मला कुणी सांगितलं? याच अलिबाग तालुक्यात चरीला १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील पुढं होते, आणि बाबासाहेब चरीला येऊन त्यांच्या बाजूनं उभे राहिले. १९३७ मध्ये खोती मोडायचं बिल त्यांनीच मांडलं. ती म्हातारी कुठल्या घरातली होती? संपात उपाशी राहिलेल्या घरातली असेल, खोताच्या घरातली असेल. 'कांबळे' ऐकून ती म्हणाली असती, "बरं, बसा, भात वाढते." कदाचित. किंवा नसती म्हणाली. पण मी तिला माणूस व्हायची संधीच दिली नाही. आपण व्यवस्थेला शिव्या देतो की ती आपल्याला नावावरून पारखते. त्या दुपारी मी म्हातारीला तिच्या सवालावरून पारखलं, आणि निकाल देऊन मोकळा झालो.

पुढच्या हिवाळ्यात परत गेलो. ठरवून गेलो, मावशीला घेऊन. तोच धक्का, तीच लाँच, रेवस, एस.टी. लॉकेट पदरावर. मी वाटेत शब्द घोकत होतो. खानावळीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, म्हातारी गेली. आम्ही दुसरीकडं जेवलो. तिथं कुणी आडनाव विचारलं नाही. मावशी मात्र त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभी राहिली, दोन्ही हात मोकळे.

तेव्हा ती म्हातारी काय म्हणाली असती, ते मला कधीच कळणार नाही. खोट्याचं असं असतं. ते मार वाचवतं, पण उत्तरही चोरतं. 'जग बदललं का' हे विचारायची एकच रीत आहे, खरं नाव सांगून समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघणं. आपण नाव झाकलं तर जग बदललं असलं तरी आपल्याला कळत नाही, आणि बदललं नसलं तरी त्याची लाज जगाला वाटत नाही.

पोरांनो, आता मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी मोठी रो-रो बोट २०२० पासून आहे. जा. खुशाल जा. संप असो, निवडणूक असो, वर्षातला एक दिवस समुद्राला द्या. रविवार लोखंड्यांनी मिळवलाय, तास बापानं कमी केलेत, ते वाया घालवू नका. वाटेत कुणी आडनाव विचारलं तर गप्प राहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. "तुम्हाला कशाला हवं?" असं उलट विचारायचाही आहे. पण जिथं बसणार, जिथं कुणाच्या हातचं खाणार, तिथं खरं सांगा. उठवलं तर उठा, आणि तिथून पुढं कायदा आहे, आपण आहोत. एकटे असाल, छप्पर जात असेल, तर झाका. मी नाव ठेवणार नाही. पण बरोबर दहा जण असतील तर झाकू नका. कारण तुमच्या मागं कुणीतरी पदर धरून बसलेलं असतं.

जय भीम.